पोकळ रबरी खेळणं आणि घरी एकटी राहणारी चिकू: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमची कुत्री चिकू पाच महिन्यांची असताना हे आत खाणं भरून द्यायचं खेळणं घरात आलं. आता ती वर्षाची झाली. मधले सात महिने, आठवड्यातले निदान पाच दिवस असं खेळणं वापरात आहे. पहिल्याच आठवड्यात कौतुक लिहायला बसले होते, पण थांबले ते बरं झालं, कारण तेव्हाची माझी निम्मी मतं आज बदलली आहेत.

आधीची परिस्थिती सांगते. आम्ही दोघं कामाला गेलो की चिकू घरात एकटी. एका महिन्यात चपलांचे दोन जोड, रिमोट, सोफ्याचा एक हात आणि दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा एवढं तिने कुरतडलं. एकदा चार्जरची वायर तोडली. बटण बंद होतं म्हणून ती वाचली. त्या दिवशी मी तिच्यावर खूप ओरडले. ती कान पाडून कोपऱ्यात बसली आणि मला वाटलं, हिला चूक कळली. तिला कळला होता तो फक्त माझा चढलेला आवाज. दोन तासांपूर्वी चावलेल्या वस्तूचा आणि आताच्या ओरडण्याचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या वयात पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येत असतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत हिरड्या शिवशिवतात. पण दात आले की चावणं थांबेल या आशेवर राहू नका. तरुण कुत्रं दीड-दोन वर्षांचं होईपर्यंतही भरपूर चावतं. त्याच्या दातांखाली काय यावं, एवढंच आपल्या हातात असतं.

खेळणं घेताना आमची पहिली चूक म्हणजे मोठ्या कुत्र्यांसाठीचं कडक रबर घेतलं. चिकूने ते हुंगलं आणि सोडून दिलं. पिल्लांसाठीचं मऊ रबर आणल्यावर ती त्याच्याशी रमली. अंगठ्याचं नख रुतलं पाहिजे, हा माझा आताचा नियम. हाडं, शिंगं यांसारख्या फार कडक वस्तूंनी दाढ तडकू शकते. खेळण्याला दोन्ही टोकांना भोक हवं. एकच भोक असेल तर आत हवेची पोकळी होऊन जीभ अडकू शकते. आणि माप असं हवं की ते अख्खं तोंडात जाणार नाही.

आत काय भरायचं, हे शिकायला मला महिना लागला. नुसतं कोरडं खाद्य भरलं तर पाच मिनिटांत खेळणं रिकामं आणि बाई चपलांकडे. मग तेच खाद्य पाण्यात भिजवून, उकडलेल्या भोपळ्यात कालवून भरायला लागले आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला लागले. तेव्हा ते पस्तीस-चाळीस मिनिटं पुरायला लागलं. मात्र पहिल्याच दिवशी गोठवलेलं देऊ नका, हाती काही लागत नाही म्हणून पिल्लू कंटाळतं. आत जाणारं खाणं रोजच्या वाट्यातूनच काढा, नाहीतर वजन वाढतं. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचाच. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विषारी आहे, रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

चाळीस मिनिटांनी काय होणार, अशी मलाही शंका होती. म्हणून जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेवला. तेव्हा दिसलं की आमचं सगळं नुकसान आम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच होत होतं. चिकू इकडेतिकडे फिरायची, हुंगायची, मग सोफ्याकडे वळायची. खेळणं असेल तर तोच वेळ चाटण्या-चघळण्यात जातो आणि ती थकून तिथेच झोपते. माझ्या मते या खेळण्याची खरी किंमत त्या अर्ध्या तासात आहे.

पण हे कंटाळलेल्या कुत्र्याचं औषध आहे, घाबरलेल्या नव्हे. माझ्या बहिणीच्या कुत्र्याला हेच खेळणं दिलं, तर संध्याकाळी ते जसंच्या तसं पडलेलं. तो दारापाशी लाळ गाळत, ओरडत, चौकट ओरबाडत बसायचा. एकटेपणाची भीती असेल तर आवडीचं खाणंसुद्धा घशाखाली उतरत नाही. अशा कुत्र्याला काही सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू एकटं राहायला शिकवावं लागतं आणि डॉक्टरांशी बोलावं लागतं.

चिकू आठ महिन्यांची असताना तिने पुन्हा एक उशी फाडली. खेळणं तेच, भरणं तेच. बदललं होतं ते आमचं: कामाच्या गडबडीत सकाळचा फेरा दहा मिनिटांवर आला होता. तो पुन्हा अर्ध्या तासाचा केला, तिला हवं तिथे थांबून हुंगू दिलं, आणि चार-पाच दिवसांत ती निवळली. चपला कपाटात आणि वायरी उंचावर ठेवणं तर हवंच. कडू स्प्रेवर माझा विश्वास नाही. चिकू तो चाटून पुन्हा चावायची.

फक्त बाहेर निघतानाच खेळणं देत होतो, तेव्हा ते दिसताच ती अस्वस्थ व्हायला लागली होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी, आम्ही घरात असतानाही देतो.

त्रास धुण्याचा. आत राहिलेलं अन्न दुसऱ्या दिवशी वास मारतं आणि मुंग्या येतात. बाटली धुवायचा ब्रश आणि गरम पाणी लागतंच. गोठलेलं वितळून फरशी चिकट होते, म्हणून खाली जुनी सतरंजी घालते.

गेल्या महिन्यात मोठ्या भोकाच्या कडेचा एक तुकडा सुटत आलेला दिसला. तो पोटात गेला तर आतडं अडू शकतं, म्हणून खेळणं त्याच दिवशी टाकलं. आता थोडं घट्ट रबराचं, एक माप मोठं आणलंय. रोज धुताना त्याच्या कडेवरून बोट फिरवून बघते. सध्या ते न गोठवता, सैल भरून देते, कारण चिकूला त्यातून खाणं कसं काढायचं हे अजून नीट जमलेलं नाही.