जुन्या घड्याळांच्या फोरमवर दिवाळीपासून आत्तापर्यंत: वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत जुन्या घड्याळांच्या एका भारतीय फोरमवर खातं उघडलं, आता इंदूरला पाऊस लागलाय. तिथं काय काय मिळतं हे कुणीही सांगेल. घरचे मला विचारतात ते वेगळंच: "तासन् तास तिथं करता काय?" त्याबद्दलच लिहितो.

माहितीसाठी कुणी इतका वेळ बसत नाही. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटी या सरकारी कंपनीनं बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली, 2016 मध्ये सरकारनं तो कारभार बंद करायला मंजुरी दिली. हे सगळं दहा मिनिटांत वाचून होतं. माणसाला खिळवून ठेवतो तो दुसऱ्याचा प्रश्न.

समजा, कुणीतरी एचएमटीच्या चावीच्या 'जनता' घड्याळाचा फोटो टाकतो आणि विचारतो, ओरिजिनल की रिडायल? म्हणजे तबकडी नंतर रंगवलेली आहे का? फोटो मोठा करायचा. रंग चकाचक, पण देवनागरी 'जनता'च्या कडा फुटलेल्या. मिनिटांच्या रेघा कुठं जाड, कुठं बारीक. सहाच्या खालची छोटी ओळ किंचित तिरपी. एवढं दिसलं की हात आपोआप कीबोर्डकडे जातो. तोवर दुसऱ्यानं लिहिलेलं असतं, "मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो टाका." झालं, आता तो फोटो येईपर्यंत कोण उठतंय!

आमच्या रामबागेतले एक काका तिथं आहेत, बँकेतून निवृत्त. घरात नातवंडांना वेळ मोबाइलवर दिसते, काकांच्या कपाटातल्या घड्याळांना कुणी विचारत नाही. फोरमवर मात्र कोचीचा एखादा पोरगा लिहितो, "सर, एकदा बघून सांगा ना." काका चष्मा लावतात आणि परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. रात्री उशिरा सराफ्यातले खाऊवाले आवराआवर करत असतात, तरी काकांच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो. काकू वैतागतात, तेही बरोबरच आहे. पण जन्मभर जमवलेली जाण कुणाला तरी हवी आहे, हे सुख मी काकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. माझ्या मते खरं कारण हेच.

लोक म्हणतात, हे म्हणजे ओटल्यावरच्या गप्पाच. ओटल्यावरचं बोलणं मंडळी उठली की संपतं. इथं मात्र जुन्या धाग्यावर, म्हणजे एखाद्या प्रश्नाखालच्या चर्चेत, कुणी एक ओळ लिहिली की अख्खा धागा पुन्हा वर येतो. तुम्ही पूर्वी कधी दिलेल्या उत्तरावर आज कुणी "धन्यवाद" म्हणतं, आणि तुम्ही परत आत! कोणताच विषय मिटत नाही.

त्यात उत्तर केव्हा येईल याचा नेम नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा दर वेळी न मिळता मधूनच, अनियमित मिळाला की कबुतरं जास्त चिवटपणे चोच मारत राहतात. नव्या उत्तरांच्या सूचनेच्या लाल आकड्याकडे बघत बसणाऱ्या आमच्या टोळीला हे तंतोतंत लागू आहे. शिवाय नावाखाली एकूण पोस्टचा आकडा दिसतो, तो वाढवायची खाजही काही जणांना असते. त्यांची उत्तरं लगेच ओळखू येतात: "मस्त", "भारी", "फॉलोइंग".

अर्थात सगळेच लिहीत नाहीत. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 2006 मध्ये ढोबळ हिशोब मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बराचसा मजकूर उरलेल्या एकाचा असतो. आमच्याकडेही तीच ठराविक नावं दिसतात.

तक्रारी? सर्च अगदीच टाकाऊ. क्वार्ट्झ (बॅटरीवरचं घड्याळ) विरुद्ध चावी हा वाद दर महिन्याला पेटतो, मॉडरेटर कुलूप लावतो, पुढच्या महिन्यात नवा धागा. खरेदी-विक्रीच्या विभागात नवख्याला तबकडी रंगवलेलं एचएमटीचं 'पायलट' घड्याळ गळ्यात मारणारे आहेतच, आणि त्यांचं कौतुक करायला त्यांचेच दोस्त हजर.

नुसती किंमत काढायची असेल तर खातं उघडू नका, वाचून बाहेर पडा. एखादी गोष्ट मनापासून येत असेल आणि घरात विचारणारं कुणी नसेल, तर जरूर या. फक्त ईमेलच्या सूचना पहिल्याच दिवशी बंद करा, आणि खरेदीचा विभाग रिडायल स्वतःला ओळखता येईपर्यंत उघडू नका.