बग फिक्सेस अँड इम्प्रूव्हमेंट्स, आणि माझी गायब झालेली कव्हरं

आधीच सांगते, ॲपचं नाव लिहिणार नाहीये. घरातली पुस्तकं, सीड्या, डीव्हीडी, कॅसेटी बारकोड मारून नोंदवायची जी चार-पाच ॲप आहेत त्यातलंच एक, ज्यांच्याकडे आहे त्यांना वाचता वाचता कळेलच. फीचर काय आहेत, फुकटात किती नोंदी चालतात हे सगळं स्टोअरवर लिहिलेलं आहे, ते परत टाईप करत बसत नाही. लिहायला घेतलं ते मागच्या मोठ्या अपडेटमुळे. त्याच्या नोटमध्ये नेहमीचंच एक वाक्य, "बग फिक्सेस अँड इम्प्रूव्हमेंट्स". बास. आणि त्या एका वाक्याच्या पोटात त्यांनी काय काय हलवून ठेवलंय ते शोधण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या.

पहिलं चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती रडतेय. जुन्या पुस्तकांवर दहा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, असतो, तेरा आकडी झाला तो 1 जानेवारी 2007 पासून. दहातला शेवटचा आकडा म्हणजे चेक डिजिट, आधीच्या नऊ आकड्यांवरून हिशोब करून काढलेला, आणि तो हिशोब अकराने भागून करायचा असतो त्यामुळे कधीकधी उत्तर 10 येतं. एका घरात 10 मावणार कसं, म्हणून तिथे एक्स छापतात. आता गंमत बघा, या ॲपमध्ये आयएसबीएनच्या रकान्यात बोट ठेवलं की नुसता आकड्यांचा कीपॅड उघडायचा! एक्स टाईप करायचा कुठून? जुन्या पुस्तकाला बारकोडही नसतो की स्कॅन करून सुटका होईल. मग नोट्समध्ये जायचं, एक्स टाईप करायचा, कॉपी करायचा, परत येऊन पेस्ट करायचा, आणि एवढं करून ॲप म्हणणार "नंबर चुकीचा आहे". कारण आतल्या आत ते दहा आकडीचा तेरा आकडी करायला पुढे 978 चिकटवायचं आणि शेवटचा आकडा तसाच ठेवायचं. तेरा आकडीचा चेक डिजिट वेगळ्या पद्धतीने निघतो, आकड्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून, त्यामुळे शेवटचा आकडा नव्याने काढावा लागतो, नुसतं 978 लावून भागत नाही. हे ज्याने कोणी लिहिलं त्याने आयुष्यात एकही जुनं पुस्तक हातात घेतलं नसावं असं माझं पक्कं मत होतं. तर अपडेटमध्ये हे दोन्ही सुधारलंय. कीपॅडच्या कोपऱ्यात एक्सचं बटण आलंय, छोटंसं, आणि आकडाही बरोबर काढतात. खरं सांगू, ते बटण दिसलं तेव्हा मी उगाचच दोन-तीनदा दाबून बघितलं.

दुसरी सुधारणा डुप्लिकेटची. अमेरिकेतून आलेल्या डीव्हीडीवर बारा आकडी बारकोड असतो, पण काही फोनचे स्कॅनर तो पुढे शून्य लावून तेरा आकडी म्हणून वाचतात. म्हणजे तोच सिनेमा हाताने टाकला तर बारा आकडी, स्कॅन केला तर तेरा आकडी, आणि ॲपच्या हिशोबी आपल्याकडे दोन प्रती. आता ते शून्य बाजूला ठेवून तुलना करतात. यादी चांगलीच आटोपशीर झाली, ते महत्त्वाचं.

आता रडगाणं.

अपडेटनंतर कव्हरं हळूहळू उमटायला लागली, आधी धूसर मग स्पष्ट, स्क्रोल केलं की परत धूसर. मी मदतवाल्यांना मेल केली. उत्तर लगेच आलं, तेव्हा बरं वाटलं होतं: "सेटिंगमध्ये जाऊन कॅशे क्लिअर करा". केली. कव्हरं पटापट दिसायला लागली, म्हणजे जी नेटवरून उतरवता येतात ती. मी स्वतः फोटो काढून लावलेली सगळी कव्हरं गेली. सगळी. राखाडी चौकोन आणि त्यात सीडीचं चित्र.

हे कसं झालं ते शोधायला डोकं खूप खाजवलं. कॅशे म्हणजे कधीही उडवली तरी चालेल अशी तात्पुरती जागा, फोनमधली जागा संपत आली तर फोन स्वतःहूनही ती साफ करू शकतो, बॅकअपमध्येही सहसा घेत नाहीत, कारण त्यात असतं ते पुन्हा उतरवता येईल असंच असतं. या लोकांनी अपडेटमध्ये सगळी चित्रं त्या जागेत नेऊन टाकली. नेटवरची पण आणि माझी पण. ॲपने व्यापलेली जागा कमी दिसावी म्हणून, हे नंतर त्यांनीच मेलमध्ये कबूल केलं. अहो, पण नेटवरचं कव्हर परत उतरेल, माझं कुठून उतरणार? बाबांनी रेडिओवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी आहेत माझ्याकडे, त्यांना कुठला बारकोड आणि कुठलं कव्हर, आतल्या कागदावर निळ्या पेनाने ए बाजू बी बाजू करून लिहिलेली गाण्यांची यादी, एका ठिकाणी खोडून वर परत लिहिलेलं, तेच मी फोटो काढून कव्हर म्हणून लावलेलं. ते जगातल्या कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही.

मग मेलांची फेरी सुरू झाली. त्यांचं म्हणणं बॅकअप रिस्टोर करा. बॅकअपची झिप कॉम्प्युटरवर उघडली तर आत डेटाबेसची एक फाईल आणि इमेजेस नावाचा रिकामा फोल्डर. रिकामा! अपडेटच्या आधीची झिप शेकडो एमबीची आणि नंतरची दोन-चार एमबीची, आणि ॲप दोन्ही वेळेला हिरवी टिक दाखवून "बॅकअप यशस्वी" म्हणतंय. सुदैवाने मी जुन्या झिपा उडवत नाही, माझ्या या सवयीवरून घरात रोज बोलणी खाते. जुन्या झिपमधून बरीचशी चित्रं परत आली. तुम्ही हे ॲप वापरत असाल तर आत्ताच्या आत्ता जाऊन बॅकअपच्या फाईलचा साईज बघा, हिरव्या टिकेवर जाऊ नका.

नुसती चित्रंच नाहीत. "माहिती आपोआप ताजी ठेवा" अशी एक सेटिंग आहे, ती अपडेटने गुपचूप चालू केली. आता ही माहिती येते कुठून, तर सिनेमांची टीएमडीबीवरून, गाण्यांची म्युझिकब्रेन्झवरून, अशा लोकांनीच भरलेल्या साठ्यांमधून. साठे चांगले आहेत, माझा त्यांच्यावर अजिबात राग नाही. मुळात ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसतातच, सीडी-टेक्स्ट म्हणून एक सोय आहे पण बहुतेक सीड्यांवर ती नसते, त्यामुळे सीडी घातली की प्रोग्राम कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते मोजतो आणि त्या मापावरून साठ्यात शोधतो. फ्रीडीबी नावाचा जुना साठा 2020 साली बंद झाला तेव्हा अनेकांना कळलं की इतकी वर्षं नावं डिस्कवरून नाही, दुसरीकडूनच येत होती. तर साठा हवाच. पण मी हाताने बदललेलं नाव, मी लिहिलेला शेरा, "डिस्क 2 वर ओरखडा, शेवटचा ट्रॅक अडकतो", हे सगळं पुसून त्यांचं आणून बसवायचं म्हणजे कमाल झाली. आणि या म्युझिकब्रेन्झची मूळ माहिती सीसी-झिरो परवान्याखाली कोणालाही फुकट वापरायला खुली आहे, लोकांनी विनामूल्य बसून भरलेली, ती हे आमच्याकडून दर महिन्याचे पैसे घेऊन "प्रीमियम मेटाडेटा" म्हणून दाखवणार. मी लाइफटाइमवाली आहे, सबस्क्रिप्शन यायच्या आधी एकदाच पैसे भरलेली, त्यामुळे माझं काही जात नाही, पण तरी चीड येते.

उसनवारीचा टॅब मला आवडतो, कोणी काय नेलंय ते त्यात दिसतं. अपडेटमध्ये त्यात स्वतःहून आठवण पाठवायची सोय आली, ती पण चालूच होऊन आली. धाकट्या दिरांना सकाळी सकाळी मेल गेली, "आपण घेतलेली वस्तू मुदत संपूनही परत केलेली नाही", अगदी कोर्टाच्या नोटिशीसारखी. डीव्हीडी संध्याकाळी परत आली हे खरं, पण जाऊबाई अजून नीट बोलत नाहीत.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. ॲ.

हसा. पण ऐका. यादी अक्षरांप्रमाणे लावली की "ॲ"ने सुरू होणारी नावं कुठे जायला हवीत? वर, अ-आच्या आसपास कुठेतरी. या ॲपमध्ये ती सगळ्यात शेवटी. ह संपला, मग देवनागरी आकड्यांनी सुरू होणारी नावं, त्याच्याही खाली ॲ. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, अ ते ह ओळीने बसवून झाले, आणि हे ॲ मागाहून आलं, 2008 साली, 5.1 आवृत्तीत, तेव्हा त्याला आकड्यांच्याही पलीकडे जागा मिळाली. ऑ मात्र आधीपासून स्वरांमध्येच आहे, त्यामुळे ऑ बरोबर लागतं आणि ॲ नाही, एकाच घरातली दोन भावंडं आणि एकाला अंगणात झोपवलेलं. यात युनिकोडची चूक नाही, तो नंबर फक्त ओळखीसाठी असतो, क्रम लावायचे नियम वेगळे असतात आणि ते प्रत्येक भाषेसाठी तयार मिळतात. या लोकांनी ते न वापरता सरळ नंबरावर क्रम लावलाय. म्हणूनच ळ पण ल आणि व च्या मधे येतो, आपल्याकडे तो ह च्या नंतर. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज च्या पोटात गडप.

शोधण्यात त्याहून वाईट. ज्यांच्या कीबोर्डवर ॲ नव्हतं ते अ वर चंद्र देऊन लिहायचे, दिसायला सेम टू सेम, पण आतून दोन अक्षरं. मी एका पद्धतीने नोंदवलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं की "काही सापडले नाही". समोर शेल्फात पुस्तक दिसतंय आणि ॲप म्हणतंय नाही. माझ्या यादीत अशी नावं मूठभर आहेत, मान्य आहे, नवरा म्हणाला हाताने नाव बदल आणि विषय संपव. का बदलू? पैसे भरलेत. मी मेल केली, त्यांनी "फीचर रिक्वेस्ट" म्हणून नोंदवली. फीचर! अक्षर बरोबर जागी असणं हे फीचर!

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, एक स्टार द्यायचं ठरवून, तेवढ्यात अजून एक अपडेट आला. नोटमध्ये तेच वाक्य. पण या वेळी बघितलं तर प्रत्येक रकान्याशेजारी छोटं कुलूप आलंय. ते लावलं की नेटवरची माहिती त्या रकान्याला हात लावत नाही. आणि हाताने बदललेले रकाने आपोआप कुलूपबंद होतात. हे मला फारच आवडलं, खरंच डोकं लावून केलंय, कारण नावाला कुलूप लावून कलाकारांची यादी तेवढी ताजी ठेवता येते, सगळं किंवा काहीच नाही असं नाही. स्वतः काढलेले फोटो परत कायमच्या जागेत आलेत, कॅशे उडवून बघितली (आधी झिप घेऊन, अर्थात), टिकले. आठवणीच्या मेल आता आधी विचारून जातात. यादी बाहेर काढायची सीएसव्ही फाईल पण सुधारलीय, आधी ती एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी नुसता कचरा दिसायचा, आता नीट दिसतात. बारकोड मात्र अजूनही एक्सेल आकडा समजून 9.78ई+12 असं काहीतरी करून टाकतं आणि पुढची शून्यं खातं, पण तो एक्सेलचा स्वभाव आहे, फाईल थेट न उघडता इम्पोर्ट करून तो कॉलम टेक्स्ट करायचा.

ॲ? शोध सुधारलाय. दोन्ही पद्धतींनी लिहिलं तरी सापडतं. क्रम तोच, आकड्यांच्या खाली. परत मेल केली, या वेळी स्क्रीनशॉट आणि क्रम कसा हवा ते लिहून. उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बघू, आणि सोबत सबस्क्रिप्शनवर सवलतीची लिंक.

स्टार सध्या तीन. कुलपासाठी एक, एक्सच्या बटणासाठी एक, आणि एक ती जुनी झिप विनातक्रार उघडली म्हणून. बॅकअपच्या शेवटी किती चित्रं आत गेली तो आकडा दाखवायला लागले तर चौथा लगेच देईन. पाचवा कशासाठी राखून ठेवलाय ते त्यांना मेलमध्ये कळवलेलं आहे.