खारीसाठी ठासणीची रायफल: .३२ की .३६, आणि दारू किती?

ठासणीची बंदूक मी पहिल्यांदा हाताळली ती आजोळी, सिंधुदुर्गात. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी ठेवलेली. आजोबा दारू अंदाजाने ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग शिसं, आणि गज उसळून वर येईपर्यंत ठासायचे. डुकरासाठी ते चालून जायचं. टेनेसीत राहायला आल्यावर तोच हात मी खारीच्या शिकारीत वापरला: .३६ च्या (नळीचा आतला व्यास .३६ इंच) रायफलीत ४० ग्रेनचा बार (ग्रेन हे दारूच्या आणि गोळीच्या वजनाचं बारीक माप). पंचवीस यार्डांवरची खार पडली, पण पुढच्या दोन्ही फऱ्यांचा लगदा झाला होता. अर्ध्या किलोच्या जनावरात मांस मुळात किती, त्यातलंही निम्मं टाकावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे अमेरिकेत पहिली लहान बोअरची (म्हणजे अरुंद नळीची) ठासणीची रायफल घ्यायचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तिथे हा विषयच उद्भवत नाही. इकडेही राज्याचा परवाना आणि हंगामाच्या तारखा पाहूनच बाहेर पडायचं.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. फक्त खारीच मारायच्या असतील तर .३२ घ्या आणि थ्री एफ (म्हणजे बारीक दाण्याच्या काळ्या) दारूच्या २० ग्रेनपासून सुरुवात करा.

.३२ मध्ये साधारणपणे .३१० इंचाची गोल गोळी जाते. मटारच्या दाण्याएवढी, वजन ४५ ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे अख्खी गोळी तीन ग्रॅमही भरत नाही. २० ग्रेन दारूवर ती साध्या .२२ लाँग रायफल काडतुसाच्या पंगतीला जाऊन बसते, आणि खारीला त्याहून जास्त लागत नाही. १५ ग्रेनला आवाज आणखी मऊ, धूर कमी, दुसरी खार लगेच बुजत नाही; मात्र तीस यार्डांच्या पुढे गोळी खाली बसू लागते. ३० ग्रेनला मार सपाट होतो, पन्नास यार्डांवरही फारसं वर धरावं लागत नाही. पण खार तुम्ही पन्नास यार्डांवर मारणार आहात का? डोकं दीड इंचाचं, उघडे साइट्स, पानांची सळसळ. माझ्या बहुतेक खारी वीस ते तीस यार्डांतल्या आहेत. तेवढ्यासाठी जास्तीची दारू म्हणजे गोळी जरा अंगाला लागली की मांसाचं नुकसान, आणि नळीत जास्त काजळी.

काजळीचा मुद्दा हलका घेऊ नका. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. रुंद नळीत ते खपून जातं, .३२ च्या अरुंद नळीत तिसऱ्या-चौथ्या बारालाच गोळी खाली जाताना अडखळते. २० ग्रेनवर प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी फिरवली की काम भागतं. खर्चाचंही तेच: एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे २० च्या मापाने ३५० बार, ३० च्या मापाने २३३.

.३२ चे तोटेही आहेत. गज बारीक असतो. हिकरीच्या लाकडाचा असेल तर घाईत मोडतो, म्हणून तो नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा दाबत न्यायचा. थंडीत गारठलेल्या बोटांतून इवलीशी गोळी पाचोळ्यात पडली की शोधत बसावं लागतं. आणि वाऱ्याने ती ढळते.

इथे .३६ सरस ठरते. तिची .३५० ची गोळी ६५ ग्रेनची. बोटांत नीट धरता येते, वाऱ्याला जास्त दाद देत नाही, नळी साफ करणंही सोपं. खारीसाठी तिला २० ते २५ ग्रेन पुरतात. खारीबरोबर ससा, रॅकून किंवा नुसती निशाणबाजीही करायची असेल, तर ३० च्या वर जायला तिच्यात जागा आहे. म्हणजे एकच रायफल घ्यायची आणि खारीपलीकडचेही बेत असतील, तर .३६. माझी चूक बोअरमध्ये नव्हती, मापात होती. तीच रायफल २५ ग्रेनवर आजही माझ्याकडे आहे आणि गुणी आहे. .४० ची गोळी नव्वद ग्रेनच्या पुढे जाते. ती खारीसाठी मला नकोच वाटते.

दारू कोणती? चकमकीची (फ्लिंटलॉक) रायफल असेल तर खरी काळी दारूच, कारण काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या पर्यायी भुकट्यांना पेट घ्यायला जास्त उष्णता लागते आणि कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या, ठिणगीने त्या नीट धरत नाहीत. टोपीच्या (स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) रायफलीत पायरोडेक्स ही पर्यायी भुकटी चालते. ट्रिपल सेव्हन ही दुसरी जास्त जोरकस आहे, ती १५ टक्के कमी घ्यायची. या पर्यायी भुकट्या तराजूवर तोलायच्या नाहीत, काळ्या दारूच्या मापानेच भरायच्या. स्विस कंपनीची काळी दारूही इतरांपेक्षा तेज, तिथेही माप उतरवून सुरुवात करा. धूररहित दारू मात्र चिमूटभरही नाही, नळी फुटते. रायफलीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ही शेवटची रेघ समजा.

माप ठरवायची माझी रीत अशी. कागद पंचवीस यार्डांवर लावायचा, टेकू घेऊन १५ ग्रेनपासून सुरू करायचं, प्रत्येक मापाचे पाच बार, मग अडीच ग्रेन वाढवायचे. पाचही भोकं इंचभरात आली की थांबायचं. आणि प्रत्येक बारानंतर पुढे जाऊन गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती गुंडाळून ठासलेली चिंधी उचलून पाहायची. चांगली चिंधी गोल राहते, मधे काळा ठसा, कडा थोड्या उसवलेल्या, पण पुन्हा वापरता येईल अशी. मधेच जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ किंवा कोरडी आहे, नाहीतर दारू जास्त झाली. तुकड्या-तुकड्यांत फाटली असेल तर नळीचं तोंड धारदार आहे किंवा गोळी फार घट्ट बसते. मी गादीच्या कापडाची चिंधी वापरतो, मेण आणि चरबी लावून. ते लावायचं सोडलं तेव्हा २० ग्रेनवरसुद्धा जळक्या चिंध्या मिळाल्या आहेत.

माप ठरलं की गोळी दारूवर पक्की टेकलेली असताना गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर धोका आहे, आणि ती खूण वर दिसली की लगेच कळतं. दारू नेहमी वेगळ्या मापात घेऊन मगच नळीत, बुधलीतून थेट कधीच नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर अख्खी बुधली हातात उडेल. आणि वर आभाळाकडे नेम धरू नका, खारीमागे खोड हवंच.

टेनेसीत हंगाम ऑगस्टच्या अखेरीस उघडतो. तेव्हा हिकरीखाली पहाटे बसलं की टरफलं टपटप पानांवर पडू लागतात, खार वर फळं कुरतडत असते. माझी गजावरची खूण त्याआधीच पक्की केलेली असते.