फुकटची लिनक्स: चालते झकास, पण बसवेपर्यंत घाम काढते

काकांचा मार्केट यार्डातल्या दुकानातला लॅपटॉप जुना, प्रोसेसर इंटेलचा आय-थ्री, सहाव्या जनरेशनचा. विंडोज ११ साधारण आठव्या जनरेशनच्या खाली घेत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. नवीन लॅपटॉप घ्यायला काका तयार नाहीत, हळदीचे भाव बघायचे, मेल बघायचे, एखादं पत्र टाईप करायचं, एवढंच काम. मग लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकायचं ठरलं. तिचे बरेच प्रकार असतात, आम्ही कुठला घेतला ते सांगत नाही, कारण बनवणारे लोक आपली नोकरी सांभाळून फुकट राबतात, उगाच नाव कशाला खराब करा.

पण बाबांनो, डाउनलोडचं पान एकदा तरी बाहेरच्या माणसाला दाखवा की! एक मोठं बटण पाहिजे तिथं एएमडी६४, आय३८६, आर्म६४, नेटइन्स्टॉल, लाइव्ह, त्यात परत स्क्रीनचं रूप कुठलं, केडीई का ग्नोम का एक्सएफसीई. इंटेलवाला माणूस एएमडी६४ वर कशाला क्लिक करंल? (इंटेललाही तेच लागतं, ६४ बिटचा तो प्रकार आधी एएमडीनं काढला म्हणून तसं नाव, पण एवढी एक ओळ लिहायला काय जातं.) बरं फाईल तीन जीबीच्या वर, सर्व्हर कुठल्या देशात देव जाणे, निम्म्याच्या पुढं गेलं की लाईट जाणार, राउटर बंद, आणि ब्राउझर परत पहिल्यापासून. टॉरेंट (तुकड्या-तुकड्यानं उतरवायची पद्धत) असतं तर जिथं थांबलं तिथून सुरू होतं, आणि टॉरेंटची लिंक आहे पण, पार खाली बारीक अक्षरात. खाली आलेली फाईल धड आहे का बघायला शा-२५६ चा लांबलचक आकडा (फाईलचा जणू अंगठा) दिलाय, तो विंडोजमध्ये सर्टयुटिल ह्या त्यातल्याच कमांडनं ताडून बघायचा हे मात्र कुठंच नाही.

रुफस नावाच्या प्रोग्रामनं इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह केला, इन्स्टॉलर चालू झाला आणि म्हणतो डिस्कच सापडत नाही. एसएसडी आत बसलीय, तिच्यावर विंडोज चालतंय, आणि ह्याला दिसत नाही! बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज रेड मोडवर होतं, ते एएचसीआय मोडवर केलं की लगेच दिसली. (जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हे डायरेक्ट बदलू नका, ते चालू व्हायचं बंद होतं. आम्हाला पुसायचंच होतं.) मग वायफाय नाही. फर्मवेअरची (वायफायची चिप चालवणारी) कसलीतरी फाईल मागतो, ती नेटवरून आणा म्हणे, आता नेटच नाही तर आणायची कुठनं? डेबियन ह्या लिनक्सवाल्यांनी जून २०२३ च्या १२ व्या व्हर्जनपासून असली बरीच फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला घेतली, ह्यांनी पण घ्या की मनावर. शेवटी मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं, आणि काम झालं.

चालायला लागल्यावर मात्र तक्रार नाही. चार जीबी रॅमवर एक्सएफसीई पळतंय, अपडेट मध्येच येऊन दुकान अडवत नाही, आयबसमध्ये (टायपिंगच्या सोयीत) मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिलं तर काका स्वतः टाईप करतात.

चालण्याला चार स्टार, डाउनलोडच्या पानाला एक. टॅली वापरत असाल तर ह्या भानगडीत पडू नका, ते विंडोजचंच आहे. बाकीच्यांनी आधी लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून, वायफाय लागतंय का बघा, मगच डिस्क पुसा.