सोमवारी लोगोवर अडकणारा रिफर्बिश्ड पीसी: दहा महिने वापरल्यानंतर

मार्च एन्डला ऑफिसचा जुना डेस्कटॉप गचकला आणि एप्रिलमध्ये मी हा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठीकठाक करून परत विकलेला पीसी घेतला. कुठल्या तरी कंपनीच्या लीजमधून सुटलेला, छोट्या चपट्या डब्याचा, इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क), वर त्यांनी एक ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क तशीच ठेवून दिलेली, १४,५०० रुपये. बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याकडे असे डबे आहेत त्यांनी फोटो न बघताच ओळखलं असेल. स्पेक्सबद्दलही जास्त सांगत नाही, टॅली, एक्सेल, ब्राउझरचे वीस टॅब आणि जीएसटीचं पोर्टल एवढंच माझं काम, त्याला हे पुरून उरतं. आवाज नाही, गरम होत नाही, टेबलावर जागा कमी खातो. दिवाळीपर्यंत मी चार जणांना सांगितलं होतं की नवीन घेऊ नका, हाच घ्या. त्यातल्या दोघांनी घेतलासुद्धा.

मग दिवाळी झाली.

सहा दिवस ऑफिस बंद होतं. उघडल्यावर पहिल्याच दिवशी बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला आणि तिथेच बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. कीबोर्डवर नम लॉक दाबून बघितलं तर दिवा जागचा हलेना, म्हणजे मशीन पूर्ण गारठलेलं. बटण दाबून धरून बंद केलं, परत चालू केलं, तर दोन मिनिटांत सरळ विंडोज. म्हटलं असेल, सहा दिवसांची झोप आहे. पुढच्या सोमवारी परत तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी १० नोव्हेंबर, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-वनची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) शेवटची तारीख, अकरा क्लायंटचं काम बाकी आणि हा बाबा लोगोवर. त्या दिवशी तीनदा बंद-चालू केल्यावर उठला आणि उठल्यावर पोर्टल उघडेना, ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ चुकलंय. बघतो तर तारीख १ जानेवारी २०१५!

विक्रेत्याला फोन केला. एक वर्षाची वॉरंटी दिलेली आहे, बिलावर शिक्का आहे. तो म्हणाला पाठवून द्या, कुरियर तुमच्या खर्चाने, आठ-दहा दिवस लागतील. मी कराडला, विक्रेता मुंबईला, ११ तारीख उद्यावर आलेली. फोन ठेवताना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग गावातला एक मेकॅनिक बोलावला. मी सांगितलं, "लोगोवर अडकतो." तो म्हणाला, "साहेब, विंडोज करप्ट आहे." टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला, फॉरमॅट मारला, सातशे रुपये, वर जाता जाता म्हणाला, एसएसडी पण जाईल हो लवकरच, बावीसशेत नवीन टाकून देतो. तो गेल्यावर मी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) चालवून बघितलं, एसएसडीची हेल्थ ९४ टक्के. पुढच्या सोमवारी ताज्या कोऱ्या विंडोजसकट मशीन परत लोगोवर.

आता इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण ही मला आधी कळली असती तर सातशे रुपये वाचले असते. लोगोवर अडकणं दोन प्रकारचं असतं. लोगोखाली ते छोटे ठिपके गोल फिरायला लागले की समजायचं विंडोज लोड व्हायला सुरुवात झाली, आणि मग अडकलं तर ड्रायव्हर, डिस्क, अपडेट, फास्ट स्टार्टअप असल्या गोष्टींवर संशय घ्यायचा. पण ठिपके आलेच नाहीत, नुसता लोगो, तर विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, अजून कोण कोण जोडलंय त्याची हजेरी घेतोय आणि कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलाय. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे गाडी गेटच्या बाहेर निघत नाही म्हणून सीट कव्हर बदलणं. माझ्या लोगोखाली एकदाही ठिपका आला नव्हता आणि हे ना मेकॅनिकने विचारलं ना मी सांगितलं. यूट्यूबवर बघून फास्ट स्टार्टअप मी आधीच बंद केलं होतं, त्याने काय होणार होतं, कप्पाळ.

तारखेवरून मात्र डोक्यात आलं की सेल गेला असणार. मदरबोर्डवरचा तो बटणासारखा, सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, किमतीने चाळीस रुपये. पीसीला भिंतीवरच्या स्विचबोर्डवरून करंट मिळत असतो तोपर्यंत ह्या सेलवर फारसा भार नसतो, पण मेन बंद केलं की घड्याळ आणि बायोसची सेटिंग हा एकटा सांभाळतो. आणि आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी मेन बंद होतं. कोण करतं? मी करतो. वीज वाचावी म्हणून. इतर दिवशी नुसता शटडाउन, शनिवारी बोर्डच बंद. मग बसून हिशेब केला, बंद पीसी आणि स्टँडबायवरचा प्रिंटर मिळून पाच वॅट धरले, शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ ४० तास, म्हणजे आठवड्याला ०.२ युनिट, महिन्याला पाऊण-एक युनिट, दहा-बारा रुपये. बायकोला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

त्यात आमच्या ऑफिसच्या मॅडम. त्यांना विचारलं की सोमवारी स्क्रीनवर काही येतं का हो, तर म्हणाल्या, "हो की, अडकलेला परत चालू केला की येतं काहीतरी इंग्रजीत, टाइम सेट नाही, एफ-वन दाबा. मी दाबते." दिवाळीपासून दाबतायत! आणि सोमवारी मी बहुतेक उशिरा येतो, मशीन त्याच उठवतात, त्यामुळे मला पत्ताच नाही.

तर सेल बदलायचा. आता माझी खरी तक्रार ऐका, ह्या मशीनला मी पाचपैकी तीनच देतोय ते ह्या एकाच गोष्टीसाठी. चाळीस रुपयांचा सेल ह्या महाभागांनी हार्डडिस्कच्या पिंजऱ्याच्या खाली बसवलाय. खाली म्हणजे अक्षरशः खाली. झाकण उघडा, समोरचं प्लास्टिकचं तोंड काढा, मग डीव्हीडी ड्राइव्ह सरकवून काढा, तिची वायर काढा, हार्डडिस्कची वायर काढा, मग चार स्क्रू, त्यातला एक इतका आत की माझा स्क्रूड्रायव्हर पोचला नाही, खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून लांब दांड्याचा आणला. पिंजरा निघाला तेव्हा धुळीचा एक थर आणि त्याच्या मधोमध तो सेल. सव्वा तास! जो सेल चार-सहा वर्षांत संपणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रॅम बघा, दोन कानं दाबली की हातात येते, एसएसडी एका स्क्रूवर आहे, म्हणजे डोकं नव्हतं असं नाही, सेलच्याच वेळी चहाला गेले होते. माझ्या ८६ सालच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल पोरगंसुद्धा बदलतं. इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर लावला, जुना सेल २.४१ व्होल्ट, नवीन ३.२६. तीनच्या आसपास पाहिजे.

बुधवारी सेल टाकला, तारीख सेट केली, गुरुवार-शुक्रवार-शनिवार मख्खन. रविवारी रात्री ह्या रिव्ह्यूचा पहिला ड्राफ्ट लिहिला, त्यात मी लिहिलं होतं की चाळीस रुपयांत प्रश्न सुटला.

सोमवारी सकाळी लोगो.

तारीख बरोबर. वेळ बरोबर. एफ-वनचा मेसेज नाही. पण लोगोवर तसाच मेलेला, ठिपका नाही, नम लॉक नाही. मी तो ड्राफ्ट पुसला. रॅम काढून खोडरबर घासला, एक एक काडी लावून बघितली, हार्डडिस्कची साटा केबल बदलली (शंभर रुपये), काही उपयोग नाही. आणि गंमत म्हणजे मंगळवार ते शनिवार सगळं गुण्यागोविंदाने.

उलगडा झाला तो प्रिंटरमुळे. त्याचं कार्ट्रिज भरायला दिलं होतं आणि हेड पण साफ करून घ्यायचं म्हणून अख्खा प्रिंटरच दुकानात गेला होता. त्या सोमवारी मॅडमचा फोन, "सर, आज पहिल्या झटक्यात चालू झाला." पुढच्या सोमवारी प्रिंटर परत जागेवर, आणि लोगो परत जागेवर.

आमचा प्रिंटर थ्री-इन-वन आहे, त्याला पुढे कॅमेऱ्याचं कार्ड घालायची एक खाच आहे जी मी आयुष्यात वापरलेली नाही. ती खाच पीसीला पेन ड्राइव्हसारखी दिसते. चालू करताना एफ-बारा दाबून बूट मेनू (मशीनने कुठून सुरू व्हायचं त्याची यादी) उघडला तर यादीत सगळ्यात वर हे महाराज! म्हणजे प्रकार असा: ज्या कंपनीत हे मशीन आधी होतं तिथे यूएसबीवरून बूट करणं बायोसमध्ये बंद केलेलं असणार, कंपन्यांमध्ये करतातच. दिवाळीत सेल मेला, सेटिंग फॅक्टरीवर गेली, यूएसबी बूट चालू झालं आणि पहिल्या नंबरवर आलं. सगळ्याच मदरबोर्डांत सेल गेला म्हणून सेटिंग जात नाहीत, बऱ्याच नव्या मदरबोर्डांत ती फ्लॅश चिपमध्ये राहतात, आमच्यात गेली. नवीन सेल टाकला तेव्हा मी तारीख तेवढी लावली, बाकीकडे बघितलंच नाही. सोमवारी मेन चालू केलं की पीसी आणि प्रिंटर एकाच वेळी जागे होतात, प्रिंटर अजून घरघर करतोय, त्याची खाच धड आहे पण नाही आणि नाही पण नाही, बायोस तिच्या दारात उभा. दुसऱ्यांदा चालू करेपर्यंत प्रिंटर सावरलेला असतो म्हणून काम होतं. मंगळवारपासून तो स्टँडबायवर असतोच.

बायोसमध्ये जाऊन यूएसबी बूट बंद केलं, विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेवला, सेव्ह. तीन मिनिटं, शून्य रुपये. पाच सोमवार झाले, मुद्दाम शनिवारी मेन बंद करून बघितलं, एकदाही अडकला नाही.

म्हणजे मशीनला शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या मी परत घेतो. पिंजऱ्याच्या नाही.

बाकी कोणी आज घेत असेल तर एक सांगतो, सहावी जनरेशन घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे निदान आठवी जनरेशन लागते. मी सपोर्ट संपल्यावरच्या एक वर्षाच्या एक्स्टेंडेड अपडेट्सवर नाव टाकलंय, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पुढचं पुढे. दोन-तीन हजार जास्त जातील पण आठवी बघा. आणि घेताना दुकानात झाकण उघडायला लावा, सेल कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, दुकानदार हसला तर हसू दे. घरी आणल्या आणल्या बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मी आत्ता काढलेत.

त्या मेकॅनिकला फोन करून सगळं सांगितलं, सातशेतले निदान तीनशे परत दे म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, फॉरमॅट तर केलाच होता ना." त्यावर काय बोलणार.

पिंजरा परत बसवताना एक स्क्रू उरला. कुठला ते कळत नाही, चारही भोकं भरलेली दिसतात. पेनस्टँडमध्ये टाकून ठेवलाय.