वाचनाच्या सोबतीला : ब्रायन ईनो यांचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'

गेले दोन महिने रात्रीच्या जेवणानंतर तासभर वाचायला बसताना मी इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा १९७८ सालचा 'अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम लावतो, आणि वाचनाला याच्याइतकी चांगली सोबत मला अद्याप मिळालेली नाही. गाणे लावले की त्यातले शब्द पानावरच्या शब्दांना आडवे येतात, आणि विलंबित ख्याल लावावा तर कान समेची वाट पाहत राहतो व हातातले वाक्य अर्धवट राहते. या अल्बममध्ये गाण्याचे शब्द नाहीत आणि ज्याची वाट पाहावी असा तालही नाही.

कोलोन-बॉन विमानतळावर ताटकळत असताना ईनो यांना ही कल्पना सुचली. मध्येच उद्घोषणा झाली तरी बिघडणार नाही, आणि लक्ष दिले काय किंवा न दिले काय, दोन्ही प्रकारे टिकेल, असे संगीत त्यांना हवे होते. घरातही नेमके तेच उपयोगी पडते, कारण दाराची बेल वाजली किंवा कुणी हाक मारली, तरी काही तुटल्यासारखे वाटत नाही.

सुमारे ४८ मिनिटांत चार रचना आहेत. पहिलीत रॉबर्ट वायट यांचा पियानो आहे; तिचे स्वर इतके गोड आहेत की सुरुवातीचे काही दिवस मी पुस्तक मिटून तीच ऐकत असे. वाचनासाठी खरी उतरते ती दुसरी. तिच्यात फक्त मानवी आवाजांचे लांबवलेले स्वर आहेत, आणि प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या लांबीच्या वेटोळ्यावर फिरतो : एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तर तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. त्यामुळे त्यांची आधीची जुळणी पुन्हा कानी पडत नाही आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधण्याचा नाद कान आपोआप सोडून देतो. परिच्छेदाच्या मध्यावर एक स्वर उगवतो आणि वाक्य संपण्याआधी विरतो. तंबोरा लावूनही मी वाचून पाहिले आहे. पण त्याची आस अखंड असते, तर इथे स्वरांच्या मध्ये इतकी शांतता आहे की पान उलटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

तिसऱ्या रचनेत पियानो आणि आवाज एकत्र येतात. चौथी सिंथेसायझरची आहे आणि थोडी जड वाटते. झोपेची वेळ जवळ आली असेल तर ती चांगली.

आवाज पंख्याच्या घरघरीपेक्षाही कमी ठेवावा आणि स्पीकर पाठीमागे असावा. हेडफोनने हे संगीत फार जवळ येते. एका ॲपच्या फुकट आवृत्तीवर दोन रचनांच्या मध्ये कर्कश जाहिरात लागून मी दचकलो, त्यानंतर अल्बम विकत घेतला, आणि तसेच करावे असे मी सुचवेन.

कादंबरी, चरित्र, इतिहास यांच्यासोबत हा अल्बम उत्तम चालतो. कवितेसोबत मात्र तो मला चालला नाही. ओवी मनातल्या मनात वाचली तरी तिची स्वतःची चाल असते, आणि ती ऐकू यावी म्हणून त्या रात्री मी स्पीकर बंद ठेवतो.