क्रेव्हन कॉटेज: एक अख्खा सीझन लाकडी खुर्चीत काढल्यावर

आधी उच्चाराचं सांगतो. क्रेव्हन कॉटेज हे लंडनमधल्या ज्या फुटबॉल क्लबचं ग्राउंड, तो फुलम. फुलहॅम नाही. मी पहिले कित्येक महिने फुलहॅम फुलहॅम करत होतो आणि ऑफिसातला एक जण दरवेळी कपाळावर आठ्या घालायचा.

तर मूळचा मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर चटके खात पाटाकडील विरुद्ध शिवाजी (आमच्याकडच्या तालमींच्या फुटबॉल टीम) बघत मोठा झालोय, त्यामुळं टीव्हीवर मॅच बघून भूक भागत नाही. लंडनला आलो, पटनीला खोली मिळाली, आणि पुलापलीकडं चालत वीस-पंचवीस मिनिटांवर प्रीमियर लीगचं (इंग्लंडची सगळ्यात वरची फुटबॉल लीग) ग्राउंड आहे म्हटल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये फुलमची मेंबरशिप घेऊन टाकली. सीझन तिकीट नव्हे, साधी मेंबरशिप, म्हणजे तिकीट दर मॅचला वेगळं काढायचं, फक्त विक्री आपल्यासाठी थोडी आधी उघडते. सीझनभरात नऊ मॅच बघितल्या. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, क्लब, मालक, नवं स्टँड, जुनं स्टँड, सगळं.

ग्राउंडला जायचा रस्ता हाच अर्धा अनुभव आहे. पटनी ब्रिज स्टेशनवरून बाहेर पडलं की बिशप्स पार्कमधून नदीच्या कडेकडेनं जायचं, एका बाजूला थेम्स, दुसऱ्या बाजूला मोठमोठी झाडं, मधून पांढरे स्कार्फ घातलेले आजोबा, नातवंडं, कुत्री. पार्क संपला की एकदम घरांची गल्ली लागते, स्टीव्हनेज रोड, आणि त्या घरांच्याच ओळीत लाल विटांची एक लांबलचक भिंत. हेच स्टेडियम. पहिल्यांदा मी ते सोडून पुढं गेलो होतो, मला वाटलं एखादी जुनी शाळा असेल.

ही भिंत म्हणजे जॉनी हेन्स स्टँड, बांधलंय १९०५ मध्ये. आर्किबाल्ड लीच नावाचा ग्लासगोचा इंजिनिअर होता, त्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधली निम्मी मोठी स्टँडं त्यानंच उभी केली, ॲनफिल्ड, ओल्ड ट्रॅफर्ड, आयब्रॉक्स सगळीकडं त्याचा हात आहे. पण बाकी बहुतेकांनी त्याची कामं एक एक करून पाडली, इथलं राहिलं. कोपऱ्यात जे बसकं घर दिसतं, गॅलरीवालं, ते कॉटेजही त्याचंच, आजही खेळाडू त्यातच कपडे बदलतात आणि तिथनंच मैदानात उतरतात. १९८७ पासून दोन्ही वास्तू सरकारी वारसा यादीत आहेत, मालक कितीही पैसेवाला असला तरी पाडता येत नाही.

आता खुर्चीचं. पुढच्या रांगा प्लॅस्टिकच्या आहेत, मागं गेलं की लाकडी, घडीच्या, जुन्या काळातल्या. मी मुद्दाम मागं काढतो. खुर्ची एवढी अरुंद की जाड जॅकेट घालून बसलं की दोन्हीकडचे शेजारी आपोआप नातेवाईक होतात. गुडघे पुढच्याच्या पाठीला. मधेमधे लोखंडी खांब आहेत, माझ्या नेहमीच्या जागेवरून एक खांब बरोबर हॅमरस्मिथ एंडच्या गोलच्या डाव्या कोपऱ्यावर येतो, त्यामुळं तिकडं कॉर्नर असला की अख्खी रांग एकाच वेळी उजवीकडं कलते, एसटी वळणावर गेल्यासारखी. खांब आहे हे तिकीट काढतानाच ठाऊक होतं त्यामुळं तक्रार नाही, उलट आता खांबाशिवाय चुकल्यासारखं होतं.

शेजारी एक आजोबा असतात, सत्तरीच्या पुढचे, सीझन तिकीटवाले. येताना थर्मास, आणि खुर्चीवर घालायला घडी केलेला पेपर. पेपर कशाला, तर जानेवारीत कळलं, लाकूड गार पडलं की थंडी पँटमधून थेट मणक्यात जाते. पुढच्या मॅचला मीही पेपर नेला. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला लई आवडते. आत्ता समोर जे रिव्हरसाइड स्टँड आहे, त्या बाजूला १९७२ च्या आधी छप्परच नव्हतं, नुसत्या उभं राहायच्या पायऱ्या, आणि मागं उघडी नदी. ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत इथनंच जाते, तर मॅचच्या दिवशीच शर्यत आली की लोक मैदानाकडं पाठ करून होड्या बघायचे. आजोबा म्हणे, त्या काळातली आमची टीम बघता होड्याच बऱ्या.

१९७२ ला तिथं पहिलं स्टँड झालं, आणि तेच पाडून २०१९ पासून नवं बांधायला घेतलं. इथं मालकाचा विषय येतो.

फुलमची मालकी हे मोठं प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकात क्लब एका जमीन-बिल्डर कंपनीच्या हातात गेला होता, मार्लर इस्टेट्स. नदीकाठची जागा, म्हणजे काय विचार असणार ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. १९८७ मध्ये तर शेजारच्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये क्लब विलीन करून ग्राउंडवर फ्लॅट बांधायचा घाट घातला होता. लोक मैदानात उतरले, क्लबचा जुना खेळाडू जिमी हिलनं पुढाकार घेतला आणि क्लब वाचला. १९९७ मध्ये हॅरॉड्स या लंडनच्या बड्या दुकानाचे मालक मोहम्मद अल फायद आले, सव्वासहा मिलियन पौंडात क्लब घेतला, खालच्या डिव्हिजनमधून प्रीमियर लीगपर्यंत नेला. मात्र २००२ ते २००४ टीमला लॉफ्टस रोडवर, म्हणजे त्याच रेंजर्सच्या ग्राउंडवर, भाड्यानं खेळावं लागलं, कारण इथं सगळं पाडून नवं स्टेडियम करायचा बेत होता, तो शेवटी बारगळला. ग्राउंडबाहेर मायकल जॅक्सनचा पुतळा बसवणारे हेच फायद, हो, मायकल जॅक्सन, विचारू नका. त्यांच्या मृत्यूनंतर २०२४ मध्ये स्त्रियांनी त्यांच्यावर केलेले जे गंभीर आरोप बाहेर आले त्यानंतर त्यांचं नाव इथंही पूर्वीसारखं कौतुकानं घ्यायला जीभ अडखळते.

जुलै २०१३ मध्ये शाहिद खान आले. जन्म लाहोरचा, सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले, सुरवातीला ताशी एक डॉलर वीस सेंटवर भांडी घासली, मग ट्रकच्या बंपरच्या धंद्यात अब्जाधीश झाले. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स ही अमेरिकन फुटबॉलची टीमही त्यांचीच. आल्या आल्या त्यांनी तो पुतळा काढून फायदना परत पाठवला आणि पुढच्याच वर्षी टीम प्रीमियर लीगमधून खालच्या डिव्हिजनला गेली, म्हणून फायद म्हणाले पुतळ्याचा शाप लागला! २०१४ खाली, २०१८ वर, २०१९ खाली, २०२० वर, २०२१ खाली, २०२२ वर. लिफ्टच. या सगळ्यात या माणसानं पैसे ओतायचं थांबवलं नाही, क्लबला दिलेली कर्जं पुढं शेअरमध्ये बदलून टाकली, हे त्यांच्या बाजूनं मोठं आहे. २०१८ मध्ये तर वेम्बली, म्हणजे इंग्लंडच्या टीमचं स्टेडियम, विकत घ्यायला निघाले होते, ६०० मिलियन पौंडांची ऑफर होती, विरोध झाल्यावर मागं घेतली. आपल्याला ते बरंच झालं असं माझं मत, कारण त्यानंतर सगळं लक्ष रिव्हरसाइडवर आलं.

नवं स्टँड बांधणं सोपं नव्हतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मैदान, गल्लीतून मोठा ट्रक वळत नाही, म्हणून तयार भाग बार्जवर (सपाट मालवाहू बोटीवर) चढवून थेम्समधून आणले. त्या काळात प्रेक्षकांची जागा पंचवीस हजारांवरून एकोणीसच्या आसपास आली. मधे कोविड. सप्टेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम ग्रुप ही बांधकाम कंपनीच बुडाली, ॲनफिल्डचं कामसुद्धा तिच्याकडंच होतं, तेही लटकलं. असं करत टप्प्याटप्प्यानं स्टँड उघडलं, आणि आता एकूण क्षमता साडेएकोणतीस हजारांच्या घरात गेलीय.

आणि दिसतं कसं? भारी दिसतं, खोटं कशाला बोला. आमच्या लाकडी खुर्चीतून समोर बघितलं की काचा, दिवे, गच्चीवर चक्क स्विमिंग पूल. आधी शरदातल्या तीनच्या मॅचला आमच्या डोळ्यांत ऊन यायचं म्हणे, आता स्टँड उंच झाल्यामुळं सूर्य लवकर मावळतो, टोपी लागत नाही. सगळ्यात चांगलं झालं ते नदीकाठचं. पूर्वी चालत जाणाऱ्यांना ग्राउंडपाशी नदी सोडून गल्लीतून वळसा घालावा लागायचा, आता स्टँडच्या मागून सरळ पायवाट झालीय, मॅच नसताना कुणीही जावं. मी रविवारी पळायला तिथनंच जातो. फुटबॉलचं काही घेणंदेणं नसलेल्या माणसालाही या बांधकामातून काहीतरी मिळालं, हे किती मालक करतात?

पण ते स्टँड माझ्यासारख्यासाठी बांधलेलं नाही. २०२३ ला तिथली सीझन तिकीटं तीन हजार पौंडांपर्यंत गेली होती, आणि लोकांनी ग्राउंडमध्ये पिवळी कार्डं दाखवून निषेध केला होता. क्लबची बाजू अशी की तिथला पैसा आला नाही तर लहान ग्राउंडवर मोठ्या क्लबांशी टक्कर कशी देणार. बरोबर आहे. तरी तिकडं काही मॅचना सेकंड हाफ सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली तरी मधल्या भारी खुर्च्या रिकाम्या असतात, माणसं आत खातपीत बसलेली, आणि इकडं आमच्या रांगेत मुंगी शिरायला जागा नाही. ते बघून आजोबा फक्त थर्मासचं झाकण घट्ट लावतात, बोलत काही नाहीत.

माझं मत विचाराल तर सौदा मान्य आहे. १९०५ चं लाकूड शाबूत ठेवायला कुणीतरी पैसे भरायला पाहिजेत, ते गच्चीवर पोहणाऱ्यांनी भरावेत. अट एकच, समोरची भाववाढ हळूहळू मैदान ओलांडून आमच्या बाजूला यायला नको. ती यायला लागलीय असं वाटतं. मोठ्या टीमच्या मॅचचं तिकीट आणि साध्या मॅचचं तिकीट यातला फरक बघून मी दोनदा ॲप बंद केलंय.

मॅचेसचं सांगायचं तर लेस्टरला २-१ नं सुरवात झाली. मार्चमध्ये एफए कपला (लीगपेक्षा वेगळी स्पर्धा) क्रिस्टल पॅलेसनं ०-३ नं आमचं वाजवलं, त्या दिवशी पार्कातून परतताना कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आणि पुढच्याच आठवड्यात, ६ एप्रिल, लिव्हरपूल. नंतर चॅम्पियन झालेली टीम. आधी गोल त्यांनीच केला आणि मग हाफटाइमच्या आत आम्ही तीन. सेसेन्योन, इवोबी, मुनीझ. तिसऱ्याला अख्खं लाकडी स्टँड पायानं वाजायला लागलं, फळ्यांवर हजारो बूट, तो आवाज काँक्रीटमधून निघूच शकत नाही. ३-२ जिंकलो. आजोबांनी मला चहा दिला, पहिल्यांदाच.

तिकिटात एकदा फसलो तेही लिहितो. डिसेंबरमध्ये आर्सेनलच्या मॅचला तिकीट मिळेना, घाई केली, एका भलत्याच वेबसाइटवरून घेतलं, गेटवरच्या मशीनला फोनमधलं तिकीट दाखवलं तर लाल दिवा. पैसे गेले ते गेलेच. चूक माझी. मेंबरशिप असेल तर क्लबच्याच ॲपवर रोज बघत राहा, शेवटच्या दोन दिवसांत परत आलेली एकेकटी तिकीटं दिसतात.

मे महिन्यात बाबा आले होते. एव्हर्टनच्या मॅचला नेलं. स्टीव्हनेज रोडचं फाटक एवढं चिंचोळं की बाबा आडवे होऊन आत शिरले. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "खांब मधी कशाला ठेवलाय रं?"

म्हटलं बाबा, एकशेवीस वर्षांचा आहे, काढता येत नाही.

"आणि समोर गच्चीवर काय हाय ते?"

"पूल आहे, पोहायचा."

"मॅच सोडून पोहायला कोण येतंय?"

मग विचारलं, क्लब कुणाचा. म्हटलं लाहोरात जन्मलेला अमेरिकन आहे. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, आपल्याकडं तालीम पेठेची असते, वर्गणी काढून चालते, एकट्याची कशी असेल टीम? मी सांगायला गेलो, शेअर, कर्ज, टीव्हीचे पैसे. तेवढ्यात राऊल हिमेनेझनं गोल मारला आणि बाबा उभे राहून अशी शिट्टी मारली की पुढच्या दोन रांगा वळल्या. पुढं १-३ नं हरलो ते सोडा.

आणखी एक गंमत. १९०४-०५ च्या सुमारास स्टॅमफर्ड ब्रिज हे ग्राउंड आधी फुलमलाच देऊ केलं होतं. यांनी नको म्हटलं, म्हणून त्या मालकानं नवीन क्लब काढला, चेल्सी. बाबांना हे सांगितल्यावर ते अख्खा पार्क पार होईपर्यंत हसत होते.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी हेन्स स्टँडला मागची लाकडी रांग घ्या, मधल्या ब्लॉकात, खांब बघून. उंच माणसांनी प्लॅस्टिकवाली पुढची घ्या, पण वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो. हिवाळ्यात पेपर न्या. रिव्हरसाइड एकदा कंपनीच्या पैशानं जमलं तर जा. मी मेंबरशिप पुढच्या वर्षासाठी भरलीय. बाबा परत येणार म्हणतायत, यावेळी थंडीत, आणि त्यांनी आत्ताच बजावलंय, तिकीट त्या खांबामागचंच काढ म्हणून.